बॅटमॅन-रॉबिन वाचायचंय? मग रॉबिनपासून सुरुवात करा

बॅटमॅनची कॉमिक्स वाचायची असं मनावर घेऊन दुकानात किंवा किंडलवर गेलेला माणूस हमखास गांगरतो. पात्र १९३९ सालचं, तेव्हापासून अंक निघतायत ते आजतागायत, एकाच नावाच्या दोन-तीन मालिका शेजारी शेजारी मांडलेल्या आणि दर दुसऱ्या पुस्तकाच्या कण्यावर ‘खंड पहिला’. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्यांची तर आणखीच पंचाईत, कारण तिथे बहुतेक वेळा अंक उचलला की गोष्ट त्यातच सुरू होऊन त्यातच संपायची. इथे एका अंकात गोष्टीची धड सुरुवातही होत नाही.

माझा तोडगा साधा आहे: बॅटमॅन बाजूला ठेवा आणि रॉबिन, म्हणजे त्याचा पोरवयातला सहायक, धरा. बॅटमॅन इतकी वर्षं जवळपास त्याच वयाचा आणि त्याच स्वभावाचा राहिलाय. रॉबिन मात्र मोठे होतात, गुरूशी भांडून घर सोडतात, मरतात, परत येतात आणि त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहतं. या जगात काळ सरकतो तो या पोरांमुळे. एक रॉबिन निवडला की त्याची सुरुवात, मध्य आणि शेवट चार-पाच पुस्तकांत हाताला लागतो, आणि जाता जाता बॅटमॅनही कळतो.

पहिली पायरी: कोणता रॉबिन, ते ठरवा

पहिला डिक ग्रेसन. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात, एप्रिल १९४०च्या, तो पहिल्यांदा दिसला. सर्कशीतल्या झोपाळ्यांवर कसरती करणाऱ्या कुटुंबातला मुलगा. खंडणीखोर गुंड दोर कमजोर करून ठेवतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत आईवडील खाली कोसळतात. ब्रूस वेनचे, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनचे, आईवडीलही त्याच्या डोळ्यांसमोरच गेलेले, म्हणून तो या पोराला घरी आणतो आणि मेणबत्तीच्या उजेडात त्याच्याकडून शपथ घेववतो. ही कल्पना बिल फिंगर, बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन या तिघांची. तिच्यामागचं कारण मात्र भावनिक अजिबात नव्हतं. बॅटमॅन एकटा असला की बोलणार कुणाशी? फिंगरला संवाद लिहायला दुसरं माणूस हवं होतं. शिवाय वाचक लहान मुलं होती, त्यांना आपल्या वयाचं कुणीतरी चित्रात दिसलं तर बरं. तर्क अचूक ठरला, खप भराभर वाढला. (फिंगरचं नाव बॅटमॅनच्या निर्मात्यांत अधिकृतपणे छापलं जायला मात्र २०१५ साल उजाडावं लागलं. तोवर सगळं श्रेय एकट्या केनचं.)

दुसरा जेसन टॉड. १९८३ मध्ये आला तेव्हा तो जवळजवळ डिकचीच नक्कल होता, अगदी सर्कशीतल्या आईवडिलांसकट. पुढे १९८७ मध्ये त्याचा भूतकाळ पुसून नव्याने लिहिला गेला आणि हा नवा जेसन बॅटमॅनला भेटतो तो बॅटमोबिलची चाकं चोरताना. रागीट, उर्मट, रस्त्यावर वाढलेला. वाचकांना तो फारसा रुचला नाही. मग १९८८ मध्ये प्रकाशकांनी एक अचाट प्रकार केला: जेसन जगावा की मरावा, हे वाचकांनी फोन करून ठरवायचं. एका फोनला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर फोनांच्या फरकाने पोरगं गेलं.

तिसरा टिम ड्रेक, १९८९ मधला. याला बॅटमॅनने निवडलं नाही, हाच बॅटमॅनच्या दाराशी आला. लहानपणी तो आईवडिलांबरोबर सर्कशीला गेला होता, नेमकं त्याच रात्री डिकचे आईवडील पडले. पुढे टीव्हीवरच्या बातमीत रॉबिन हवेत एक चौपट कोलांटी मारताना दिसला. ती कोलांटी जगात ग्रेसन कुटुंबाखेरीज कुणालाच जमत नाही, हे टिमला ठाऊक होतं. रॉबिन म्हणजे डिक, तर बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन. नऊ वर्षांच्या मुलाने एका कसरतीवरून शोध लावला. जेसन गेल्यावर बॅटमॅन बेभान होऊन मारामाऱ्या करत सुटलाय, त्याला आवरायला कुणीतरी शेजारी हवं, हे त्याचं म्हणणं. सहायक बॅटमॅनला कशाला हवा, या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी या कॉमिक्समध्ये सापडलेलं नाही.

चौथी स्टेफनी ब्राउन. २००४ मध्ये मोजकेच अंक रॉबिन, मग आज्ञा मोडली म्हणून बॅटमॅनने काढून टाकलेली आणि लगेच मारलेली. बॅटमॅनच्या गुहेत जेसनचा पोशाख काचेच्या कपाटात ठेवलाय, मग हिचा का नाही, असा जाब वाचकांनी प्रकाशकांना बराच काळ विचारला. शेवटी ती मेलीच नव्हती असं ठरलं. पाचवा डेमियन वेन, ब्रूसचा सख्खा मुलगा. आई तालिया अल गूल, संगोपन मारेकऱ्यांच्या टोळीत. २००६ मध्ये आला तेव्हा दहा वर्षांचा, आणि सगळ्यांना तुच्छ लेखणारा. याशिवाय कॅरी केली आहे, पण तिची गोष्ट मुख्य प्रवाहाबाहेरची. तिच्याकडे नंतर येऊ.

आता निवड. शांतपणे पहिल्यापासून वाचायची हौस असेल तर डिक. अंधारी, बोचणारी गोष्ट चालत असेल तर जेसन. शाळा-कॉलेजातल्या वाचकाला टिम जवळचा वाटतो. विनोद आणि आगाऊपणा हवा असेल तर डेमियन. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मी डिकच सुचवतो, कारण बाकीच्यांची मापं शेवटी त्याच्यावरूनच काढली जातात.

दुसरी पायरी: पहिलं पुस्तक

मूळ १९४०चा अंक पहिल्यांदा वाचू नका. ऐतिहासिक मोल आहेच, पण बारा-तेरा पानांत मुलगा अनाथ होतो, प्रशिक्षण घेतो, गुंडांना पकडून देतो आणि हसत निरोपही देतो. आजच्या वाचकाला ते कोरडं लागतं.

त्याऐवजी ‘रॉबिन: इयर वन’ घ्या. २०००-०१ मधले चार अंक; लेखन चक डिक्सन आणि स्कॉट बीटी यांचं, चित्रं हाविएर पुलिदो आणि मार्कोस मार्टिन यांची. रंग उघडे, रेषा मोकळ्या, आणि निवेदक आहे घरचा कारभारी आल्फ्रेड. पोरगं रात्री छपरांवर उड्या मारून पहाटे घरी येतं, याची काळजी त्या घरात खऱ्या अर्थाने कुणाला असेल तर ती यालाच. पुढे टू-फेस हा खलनायक रॉबिनला बेसबॉलच्या बॅटने अक्षरशः झोडपतो. त्यानंतर बॅटमॅन पोराला जवळ घेत नाही, कामावरून काढून टाकतो. भीतीपोटीच, पण बोलतो ते असं की मुलाला ती शिक्षा वाटावी. गुरू म्हणून हा माणूस कुठे कमी पडतो, ते याच पुस्तकात पहिल्यांदा लख्ख दिसतं. सुटं पुस्तक मिळालं नाही तर २०१३ मधला ‘बॅटगर्ल/रॉबिन: इयर वन’ हा जोडसंग्रह शोधा.

दुसरा चांगला दरवाजा म्हणजे जेफ लेमिर आणि डस्टिन न्विन यांचं ‘रॉबिन अँड बॅटमॅन’, २०२१. तीनच अंक, जलरंगातली चित्रं आणि डिकच्या डायरीतून सांगितलेली गोष्ट. शीर्षकातल्या नावांचा क्रम पाहिलात ना? पुस्तकही तसंच आहे. ताजं काही हवं असेल तर मार्क वेड आणि ख्रिस सॅमनी यांची ‘बॅटमॅन अँड रॉबिन: इयर वन’ ही २०२४ मध्ये सुरू झालेली बारा अंकी मालिका आहे. सॅमनीच्या पानांत हालचाल इतकी स्वच्छ असते की संवादांचे फुगे झाकले तरी कोण कुठून कुठे गेलं ते कळतं.

एक सावधगिरी. बऱ्याच याद्यांमध्ये रॉबिनसाठी ‘डार्क व्हिक्टरी’ सांगितलेलं असतं. पुस्तक उत्तम, पण जाडजूड आहे, त्यात रॉबिन बऱ्याच उशिरा येतो, आणि ते ‘द लाँग हॅलोवीन’चा पुढचा भाग आहे. नुसतं तेच घेतलंत तर अर्धं पुस्तक ‘हा कोण?’ विचारण्यात जाईल. वाचायचंच असेल तर क्रम असा: मिलर-मॅझुकेली यांचं ‘बॅटमॅन: इयर वन’, मग ‘द लाँग हॅलोवीन’, मग हे.

तिसरी पायरी: कण्यावरचे आकडे समजून घ्या

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॉमिक्स आधी पातळ मासिक अंकांत निघतं. पाच-सहा अंकांची एक गोष्ट पूर्ण झाली की त्यांचं पुस्तक बांधतात. वाचक त्याला ‘ट्रेड’ म्हणतात. तुम्ही ट्रेडच घ्या. ‘ऑम्निबस’ नावाचे पाटावरवंट्याएवढे ठोकळे असतात, ते मांडीवर ठेवून वाचवत नाहीत आणि महागही पडतात.

आता गोंधळ. ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ नावाची मासिक मालिका एक नाही. २००९ मध्ये एक सुरू झाली, २०११ मध्ये दुसरी, २०२३ मध्ये तिसरी, आणि प्रत्येकीचा पहिला अंक ‘१’. पहिलीत बॅटमॅनच्या पोशाखात डिक आहे, दुसरीत ब्रूस. नुसतं नाव आणि ‘खंड १’ बघून मागवलंत तर भलताच बॅटमॅन घरी येतो. म्हणून मागवण्याआधी लेखकाचं नाव बघा. ग्रँट मॉरिसन असेल तर पहिली मालिका, पीटर टोमासी (चित्रकार पॅट्रिक ग्लीसन) असेल तर दुसरी. लेखक आणि साल या दोन गोष्टी जुळल्या की चूक होत नाही. खंडाच्या आकड्यावर विसंबू नका.

हे असं का होतं? तर डीसी हे प्रकाशन मधूनमधून आपलं सगळं जग पुसून नव्याने मांडतं. १९८५-८६ मध्ये एकदा झालं (जेसनचा भूतकाळ बदलला तो त्यानंतरच), २०११ मध्ये पुन्हा. ‘बॅटमॅन’ मासिक तेव्हा ७१३व्या अंकावर होतं, ते परत १ वर आणलं. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चाही आकडा १ वर आला, मग २०१६ मध्ये जुना हिशेब धरून एकदम ९३४ वर नेला, आणि २०१९ मध्ये हजारावा अंक थाटात काढला. यामागचे तर्क शोधत बसू नका. कोणत्या जगात काय घडलं याचे तक्ते नेटवर पुष्कळ आहेत, पण ते पाठ करून कुणाला वाचनाचा आनंद झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या बारीक अक्षरांतल्या पानावर ‘मूळ प्रसिद्धी’ म्हणून कोणत्या मालिकेचे कोणते अंक आत आहेत ते छापलेलं असतं. ऑनलाइन घेताना वर्णनात तेच शोधा. उदाहरणार्थ, ‘अ डेथ इन द फॅमिली’च्या २०११ नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांत टिमच्या आगमनाची ‘अ लोनली प्लेस ऑफ डाइंग’ ही गोष्टही बांधलेली आहे. एका पुस्तकाच्या पैशात एक रॉबिन जातो आणि पुढचा येतो. त्याआधीची आवृत्ती घेतलीत तर दुसऱ्या गोष्टीसाठी वेगळे पैसे.

चौथी पायरी: मिळवायचं कुठे

मराठीत ही पुस्तकं दुकानात सहज मिळतील असं धरून चालू नका. वाचायचं ते इंग्रजीतच. पण भाषा अवघड नसते. वाक्यं छोटी, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ शेजारचं चित्र सांगतं. आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी वाचनाची गोडी लावायला मी कादंबऱ्यांआधी हीच देतो.

किंडलवर घ्यायचं तर फोनवर वाचू नका, निदान टॅबलेट हवा. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, पण त्यात पानाची रचना हरवते आणि या माध्यमात रचना म्हणजे निम्मी गोष्ट. कृष्णधवल पडद्याच्या किंडलवर रंगीत कॉमिक्सची रया जाते, ते वेगळंच.

छापील हवं असेल तर मोठ्या दुकानांत ट्रेड मिळतात, मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये स्टॉल असतात, आणि फोर्टात हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात नशिबाने सुटे अंकही हाती लागतात. सुटा अंक घेताना कव्हरवर ‘भाग ३’ असं काही लिहिलंय का ते आधी बघा, बहुधा असतंच. ट्रेड फारच स्वस्त मिळत असेल तर मधलं पान उघडा. काळ्या भागातले तपशील बुजलेले आणि अक्षरांच्या कडा अस्पष्ट असतील तर ती चोरून छापलेली प्रत. बॅटमॅनच्या पुस्तकात काळा रंगच जास्त, त्यामुळे असली प्रत म्हणजे निव्वळ डोळ्यांना त्रास.

पाचवी पायरी: पान कसं वाचायचं

वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हे सांगायला नको. पण नवा वाचक फुगे वाचून पान उलटतो आणि चित्रं तशीच राहतात. पहिल्या पुस्तकात एक करून बघा: प्रत्येक पान आधी नुसतं बघा, मग वाचा. चौकोनी पट्ट्यांमधला मजकूर म्हणजे मनातलं बोलणं किंवा निवेदन. कोणाचं, ते रंगावरून किंवा अक्षराच्या वळणावरून ओळखायचं. ‘बॅटमॅन: इयर वन’मध्ये ब्रूस आणि पोलीस अधिकारी गॉर्डन दोघेही मनात बोलतात, दोघांची अक्षरं वेगळी आहेत, हे लक्षात आलं नाही तर पहिलं प्रकरण डोक्यावरून जातं.

आवाजांचे शब्दही सोडू नका. मॉरिसनच्या २००९च्या मालिकेतले पहिले तीन अंक फ्रँक क्वाइटलीने काढले आहेत, आणि तिथे स्फोटाच्या ज्वाळांची किंवा उसळलेल्या पाण्याचीच अक्षरं होतात. आवाज चित्रावर चिकटवलेला नाही, चित्रातूनच उगवतो. याच मालिकेत मजा अशी की बॅटमॅन हसतमुख आहे आणि रॉबिन आठ्या घालून बसलेला. ब्रूस मेला असं सगळे धरून चाललेत, डिकला तो पोशाख जड जातोय, आणि दहा वर्षांचा डेमियन त्याला उघड सांगतोय की तुला हे जमत नाही. दुसऱ्या अंकात आल्फ्रेड डिकला सल्ला देतो: बॅटमॅन होणं हे स्मारक समजू नकोस, हॅम्लेटसारखी एक मोठी भूमिका समज आणि आपल्या वकुबाने कर. जो मुलगा १९४० मध्ये मेणबत्तीसमोर शपथ घेत होता, तोच आता दुसऱ्याच्या पोराला घडवतोय. डिकची दोन पुस्तकं वाचून इथे आलात तर हा सल्ला काळजाला भिडतो. थेट इथून सुरुवात केलीत तर तो नुसता एक चांगला संवाद.

सहावी पायरी: पुढे काय

डिकच्या मागे जायचं तर १९८४ मध्ये तो रॉबिन हे नाव सोडून नाइटविंग होतो, ती मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची ‘द जुडास काँट्रॅक्ट’. मग वर सांगितलेली मॉरिसनची मालिका. त्यानंतर स्कॉट स्नायडरचं ‘द ब्लॅक मिरर’, डिक बॅटमॅन असतानाची थंड अंगावर येणारी गुन्हेकथा. शेवटी तोंडाची चव बदलायला टॉम टेलर आणि ब्रुनो रेडोंडो यांचं २०२१ पासूनचं ‘नाइटविंग’.

जेसनसाठी ‘अ डेथ इन द फॅमिली’ आणि मग जड विनिकचं ‘अंडर द हूड’. स्पष्ट सांगतो, पहिलं पुस्तक गोष्ट म्हणून कच्चं आहे. जोकर चक्क इराणचा संयुक्त राष्ट्रांतला प्रतिनिधी बनतो, म्हणजे काय बोलायचं? पण त्या मृत्यूचं ओझं पुढची सगळी पुस्तकं वाहतात, म्हणून वाचावं लागतं. दुसऱ्यात जेसन परत येतो आणि गुरूला एकच प्रश्न विचारतो: तू मला वाचवू शकला नाहीस हे समजू शकतो, पण तो जोकर अजून जिवंत का? जेसन जिवंत कसा झाला याचं स्पष्टीकरण आहे की सुपरबॉय-प्राइम नावाच्या पात्राने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले. ते स्पष्टीकरण शोधून वाचू नका, काही बिघडत नाही.

टिमसाठी ‘अ लोनली प्लेस ऑफ डाइंग’ आणि १९९१ची पाच अंकी ‘रॉबिन’. आवडलं तर १९९३ ते २००९ अशी १८३ अंकांची त्याची स्वतःची मालिका पडली आहे. डेमियनसाठी मॉरिसननंतर टोमासी-ग्लीसन. बापलेकांचं नातं इथे सगळ्यात बारकाईने येतं.

कॅरी केली सगळ्यात शेवटी. फ्रँक मिलरच्या १९८६ मधल्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये बॅटमॅन पंचावन्नचा आहे, निवृत्त आहे, आणि ही तेरा वर्षांची मुलगी आपणहून रॉबिनचा पोशाख घालून, गलोल घेऊन त्याच्या मदतीला येते. हे पुस्तक बहुतेक याद्यांत पहिल्या क्रमांकावर असतं. मी ते शेवटी ठेवतो, कारण त्यातला म्हातारा कशाकशाने थकलाय हे कळायला जेसन माहीत असावा लागतो.

घरात मुलं असतील तर

‘रॉबिन आहे म्हणजे मुलांचं’ असं समजून पुस्तक हातात देऊ नका. जेसनच्या मृत्यूत जोकर त्याला पहारीने मारतो आणि ते दाखवलेलं आहे. उलट टोकाला, कॉमिक्सने मुलं बिघडतात अशी ओरड अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने केली होती. त्यात बॅटमॅन-रॉबिन एका घरात राहतात यावरही आक्षेप होता, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. वर्थमने मुलांच्या मुलाखतींत फेरफार केल्याचं अभ्यासक कॅरल टिली यांनी त्याची कागदपत्रं तपासून पुढे दाखवून दिलं. तेव्हा बंदी नको, पण आधी स्वतः चाळा.

सात-आठ वर्षांच्या मुलांना डस्टिन न्विन आणि डेरेक फ्रिडॉल्फ्स यांचं ‘लिल गॉथम’ द्या. दहा-अकराच्या पुढे १९९२ पासूनची ‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’. अंकागणिक गोष्ट संपते, इंद्रजालसारखीच. बारा-तेराच्या मुलांना ‘सुपर सन्स’, म्हणजे डेमियन आणि सुपरमॅनचा मुलगा जॉन यांची जोडगोळी. एक कमालीचा शिष्ट, दुसरा कमालीचा सरळ, आणि दोघांनाही रात्री चोरून घराबाहेर पडायचं असतं.